पाऊस पडतो, तरी ओहोळ का आटतो?

(वर्गणीदार आणि हितचिंतकांच्या बैठकीत केलेले भाषण)



मागच्या बैठकीत जमाखर्च वाचून झाल्यावर एका ज्येष्ठ बंधूंनी उभे राहून विचारले होते, "बाई, जव्हार-मोखाड्यात मुंबईएवढा पाऊस पडतो असे तुम्हीच सांगता. मग एप्रिल-मेमध्ये टँकरसाठी दान कशाला लागते? ते पाणी जाते कुठे?" वेळ संपत आली होती, म्हणून तेव्हा दोन वाक्यांत उत्तर दिले आणि खाली बसले. पण प्रश्न दोन वाक्यांचा नाही. तेव्हा आज कामाचा अहवाल बाजूला ठेवते. तो छापील आहे, घरी नेऊन वाचा. मी या एकाच प्रश्नावर बोलणार आहे, कारण समितीपुढे यंदा एक निर्णय आहे: कापणीच्या सणाचे दान पाड्याखालच्या ओहोळावर सिमेंटचा बंधारा बांधायला द्यायचे, की त्या ओहोळाच्या वरच्या डोंगरावर खर्च करायचे.

मी धर्मशास्त्राची पदविका घेतलेली बाई. पाण्याचे शास्त्र पाणलोटाच्या प्रशिक्षणांत शिकले आणि त्याहून जास्त पाड्यावरच्या बायांकडून. त्यामुळे अवघड शब्द फारसे येणार नाहीत.

एलीया संदेष्टा करीथ ओहळाजवळ राहत होता, ही गोष्ट आपल्या रविवार शाळेतल्या मुलांनाही ठाऊक आहे. तो ओहळ आटला, कारण देशात पाऊस पडला नव्हता. आमच्याकडे पाऊस पडूनही ओहोळ आटतो. वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. दिवाळीपर्यंत ओहोळाची धार बारीक होते, होळीला विहिरीचा तळ दिसतो.

आधी थोडा हिशेब करू. एक हेक्टर म्हणजे अडीच एकर जमीन. तिच्यावर एक मिलिमीटर पाऊस पडला तर ते दहा हजार लिटर पाणी झाले, म्हणजे एक टँकर. आपण ज्या पाड्यावर काम करतो त्याच्या वरचा डोंगर, म्हणजे ज्याचे पाणी त्या एका ओहोळात उतरते तेवढा भाग, पन्नास हेक्टर धरा. दिवसभरात शंभर मिलिमीटर पाऊस झाला, आणि श्रावणात असे दिवस येतात, तर त्या एका दिवसात त्या एका डोंगरावर पाच कोटी लिटर पाणी पडले. पाच हजार टँकर. उन्हाळ्यात आपण किती टँकर पाठवतो ते अहवालात आहे, तुलना तुम्हीच करा.

तर पाणी कमी पडते असे नाही. पडलेल्यातले किती त्याच दिवशी धावून गेले आणि किती मागे राहिले, हा खरा प्रश्न. जमिनीवरून धावून जाणाऱ्या पाण्याला पाणलोटाच्या कामात 'अपधाव' म्हणतात. तो किती होईल हे पावसावर अवलंबून असते, पण केवळ 'किती मिलिमीटर' यावर नाही. तोच पाऊस किती वेळात पडला, कोणत्या महिन्यात पडला आणि कशावर पडला, यावरही.

वेळेपासून सुरू करू. ऐंशी मिलिमीटर पाऊस दिवस-रात्र रिमझिम पडला तर तासाला तीन-साडेतीन मिलिमीटर होतात. तोच दोन तासांत कोसळला तर तासाला चाळीस. मातीला पाणी पिण्याचा एक वेग असतो. त्या वेगापेक्षा पाऊस जास्त वेगाने आला की उरलेले पाणी वरून धावते. अमेरिकेच्या रॉबर्ट हॉर्टन या अभियंत्याने ही गोष्ट १९३३ साली नीट मांडली आणि पुष्कळ वर्षे सगळे पूर असेच येतात असे मानले गेले. उघड्या माळाला, डांबरी रस्त्याला, तुडवलेल्या अंगणाला हे तंतोतंत लागू आहे. वर्तमानपत्रात "२४ तासांत अमुक मिलिमीटर" असे येते तेव्हा हा वेग त्यात दिसत नाही, हे लक्षात ठेवा. शंभर मिलिमीटरचे दोन दिवस ओहोळासाठी अगदी वेगळे असू शकतात.

पण चांगल्या जंगलात गोष्ट निराळी होते. साग, ऐन, धावडा, मोह यांच्या पानांवर पहिली सर अडकते. हलकी सर असेल तर जमिनीवर पोचतही नाही, पानांवरूनच उडून जाते. पुढचे थेंब खाली पाचोळ्यावर पडतात, त्यामुळे मातीला मार बसत नाही. पाचोळ्याखाली गांडुळांनी, वाळवीने, कुजलेल्या मुळांनी केलेली भोके असतात. अशी न तुडवलेली माती जोराचा पाऊसही पिऊन टाकते. भर पावसात मी त्या जंगलात उभी राहिले आहे. छत्रीवर धबधबा आणि पायाखाली वाहते पाणी नाही, असा अनुभव येतो.

मग जंगलातल्या ओहोळाला पूर येतो तो कुठून? याचे उत्तर अमेरिकेतच, नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या कोवीटा नावाच्या जंगलात सापडले. तिथे १९३४ पासून लहान लहान पाणलोटांचे पाणी मोजले जाते. जॉन हेवलेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकात दाखवले की जंगलात पाणी सगळ्या उतारावरून धावत नाही. ते मातीच्या आतून हळूहळू खाली सरकते, ओहोळाच्या काठची जमीन आधी तुडुंब भरते, आणि त्या भरलेल्या जमिनीवर पडणारा पाऊस मग थेट ओहोळात जातो. पाऊस वाढत गेला की ही ओली पट्टी दोन्ही बाजूंना पसरते, उघडीप मिळाली की आकसते.

हे मी पाड्यावरच्या एका मावशींना सांगितले. त्या हसल्या. म्हणाल्या, "ते आम्हाला ठाव हाय. आषाढात वहाळ बारका असतो, श्रावणात फुगतो. पाऊस तेवढाच, पण भुईचं पोट भरलेलं असतं." संशोधकांना जे मांडायला कागद लागले ते मावशींनी भुईच्या पोटावर सांगून टाकले.

हे भुईचे पोट म्हणजे दुसरी गोष्ट, महिना. मृगाचा पाऊस तापलेल्या, भेगाळलेल्या कोरड्या मातीवर पडतो. साठ मिलिमीटर पडला तरी ओहोळ पुष्कळदा जागा होत नाही. तोच साठ मिलिमीटर आश्लेषात, आठ दिवसांच्या झडीनंतर पडला, तर दोन तासांत ओहोळ पायवाट बुडवतो. पाऊस सारखाच, अपधाव कितीतरी पट.

आणि आमच्या भागात हे पोट फार लहान आहे. जव्हार-मोखाड्याचा डोंगर काळ्या पाषाणाचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. वर माती थोडी, तिच्याखाली मुरूम, त्याखाली कातळ. समजा उतारावर एक फूट माती आहे आणि तिच्यात एक तृतीयांश जागा पोकळ आहे. म्हणजे जेमतेम शंभर मिलिमीटर पाणी मावले. वर्षाचे अडीच हजार आणि कोठी शंभरची! सगळे पाणी एकदम मावणारच नाही, हे उघड आहे. उपाय एकच: कोठीतले पाणी खालच्या मुरमात आणि कातळाच्या भेगांत उतरत राहिले पाहिजे, म्हणजे पुढच्या सरीला जागा होईल. भेगांत उतरलेले हेच पाणी महिन्यांनंतर पायथ्याशी झरा होऊन निघते. जानेवारीत बायांच्या हंड्यात जे पडते ते ऑगस्टमध्ये डोंगराने गिळलेले पाणी असते.

तिसरी गोष्ट, पाऊस कशावर पडतो. पाड्याखाली दोन ओहोळ एकत्र येतात. एक जंगलाच्या बाजूने, दुसरा उघड्या उताराच्या बाजूने. जोराची सर होऊन गेल्यावर संगमावर जाऊन बघा. उघड्या बाजूचा ओहोळ लगेच चढतो, चहासारखा लाल असतो आणि पाऊस थांबला की तासाभरात उतरतो. जंगलाच्या बाजूचा उशिरा चढतो, पाणी बरेच नितळ असते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही वाहत राहतो. पहिला दिवाळीला कोरडा पडतो. दुसरा त्यानंतरही कित्येक आठवडे वाहतो. दोघांवर ढग एकच.

उघड्या उतारावर थेंब सरळ मातीवर आपटतो. मातीचे बारीक कण उडतात, भोकांत बसतात आणि वर एक पापुद्रा धरतो, शेणाने सारवल्यासारखा. मग कोरड्या मातीवर पडलेल्या मृगाच्या सरीचे पाणीसुद्धा आत जात नाही. गुरांच्या पायवाटा तर उतारावरचे पाटच होतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये वणवा लागून पाचोळा जळाला असेल, तर झाडे उभी असूनही जमीन उघडीच. वरून हिरवे दिसते म्हणून जंगल आहे असे धरू नका, खाली वाकून पाचोळा बघा.

इथे राबाचा विषय निघतो. भात आणि नागलीच्या रोपांसाठी पालापाचोळा, टहाळ पसरून जमीन भाजायची, तो राब. "आदिवासीच जंगल जाळतात, मग पाणी कसे राहणार?" हे वाक्य मी आपल्या मंडळीतही ऐकले आहे. ते जुने आहे. ठाणे-कुलाबा जिल्ह्यांतल्या जंगलाच्या तक्रारींसाठी मुंबई सरकारने १८८५ साली आयोग नेमला, तेव्हाही राबाचा वाद होताच. राबाचा तुकडा काही गुंठ्यांचा, तो शेताच्या कोपऱ्यात, आणि त्यावर अख्ख्या घराचे वर्षाचे धान्य. डोंगर उघडा पडला तो साग आणि कोळशासाठी झालेल्या तोडीने, रस्त्यांनी, पेटलेल्या गवताकडे कोणी न धावल्याने. टहाळ छाटताना झाड मरू देऊ नये, हे म्हातारे वारली आणि कोकणा शेतकरी आपल्या मुलांना आपल्याआधी सांगत आले आहेत.

आता दानशूर लोकांना न आवडणारे दोन मुद्दे. आवडत नसले तरी मला सांगितले पाहिजेत.

एक, झाडे पाणी पितात. "झाडे लावा, पाणी वाढेल" हे सरसकट खरे नाही. निलगिरी जिल्ह्यात ग्लेनमॉर्गन येथे गवताळ डोंगरावर निलगिरीची झाडे लावली आणि शेजारचा गवताळ पाणलोट तसाच ठेवून दोन्हींचे पाणी मोजले. पहिल्या दहा वर्षांच्या फेरीत वर्षाचे पाणी सुमारे १६ टक्क्यांनी घटले. उलट पश्चिम घाटातच, उत्तर कन्नड जिल्ह्यात, नैसर्गिक जंगल, एकाच जातीची लागवड आणि ओसाड झालेली जमीन यांचा अभ्यास झाला. ओसाड जमिनीवरून पाणी सर्वांत जास्त धावले आणि नैसर्गिक जंगलाखाली ते चांगले मुरले. जंगल पाणी पिते, पण जास्तीचे जमिनीत मुरवतेही. मुरणे पिण्यापेक्षा जास्त झाले तरच झरा जगतो. तेव्हा वाढदिवसाला पाचशे रोपे पाठवण्याची इच्छा असणाऱ्यांना माझी विनंती, ती पाठवू नका. धावड्याचे, पळसाचे, ऐनाचे बुंधे त्या उतारावर जिवंत आहेत. गुरे आणि वणवा दोन-चार वर्षे लांब ठेवले तर ते स्वतःच फुटतात, तेही फुकट.

दोन, जंगल मोठा पूर अडवत नाही. भुईचे पोट भरल्यावर दोनशे मिलिमीटर कोसळले तर दाट जंगलातूनही पाणी धावणारच. हवामान खाते २०४.५ मिलिमीटरच्या पुढच्या दिवसाला 'अत्यंत मुसळधार' म्हणते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१७ साली दाखवले की मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्या. अशा दिवशी जंगलाकडून चमत्काराची अपेक्षा नको. त्याचे काम लहान आणि मध्यम सरींचे आहे, आणि वर्षाचे मुरणारे पाणी बहुतेक त्याच सरींतून येते.

आता बंधाऱ्याकडे येते. सिमेंटचा बंधारा दिसतो. त्यावर पाटी लावता येते, उद्घाटन होते, अंकात छायाचित्र येते. मी त्याच्या विरोधात नाही. पण त्याच्या वरचा उतार उघडा असेल तर पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांत त्याच लाल पाण्यातली माती त्याच्या पोटात बसते. असे गाळाने भरलेले बंधारे त्या भागात हवे तेवढे दाखवते. शिवाय बंधारा पाणी अडवतो ते ओहोळ वाहत असेपर्यंत. ऑक्टोबरमध्ये सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू-माती भरून आपण जो वनराई बंधारा घालतो, त्याचेही तसेच. वरून धार येत असेल तर चार गोण्या पुरतात, धार नसेल तर पक्का बांधही कोरडा.

म्हणून माझे म्हणणे, काम माथ्याकडून सुरू करू. उघड्या उतारावर समतल चर, हातानेच खणायचे. त्याने मजुरीही पाड्यातच राहते आणि दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जाणारी काही घरे महिना-दीड महिना तरी थांबतील. घळींमध्ये नुसत्या दगडांचे छोटे बांध. जिथे जंगल चांगले आहे तिथे मात्र चर अजिबात नकोत, मुळे तुटतात आणि जे काम पाचोळा फुकट करतो ते आपण पैसे देऊन बिघडवतो. तिथे फक्त जाळपट्टा आणि राखणदार. राखणीचा खर्च फोटोत येत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी तो मंजूर करा.

हे परवानगीशिवाय होत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ५ प्रमाणे ग्रामसभेला आपले जंगल, लगतचे पाणलोट क्षेत्र आणि पाण्याचे स्रोत सांभाळण्याचा अधिकार आहे. चराई कुठे बंद ठेवायची, वणव्याला कोणी धावायचे, हे ग्रामसभा ठरवेल. आपण ठरवायचे नाही. दान देणाऱ्याला हे जड जाते, मी समजू शकते. पण कुंपण शहरातल्या पैशाने घातले आणि पाड्याला विचारले नाही, तर पहिल्याच उन्हाळ्यात ते मोडते.

मुंबईहून आलेल्यांसाठी एक गोष्ट. मोडक सागर, तानसा, मध्य वैतरणा, ऊर्ध्व वैतरणा, तुमच्या नळाचे पाणी यातूनही येते, आणि वैतरणेला मिळणारे कितीतरी ओहोळ याच डोंगरांतले. त्या उतारांची माती वाहून गेली तर तीही शेवटी कुठेतरी धरणातच जाऊन बसते. त्यामुळे यात एक बाजू देणारी आणि एक घेणारी असे मला दिसत नाही.

धार जानेवारीच्या शेवटापर्यंत टिकली, तर काय बदलेल? बायांची उन्हाळ्यातली खेप थोडी उशिरा सुरू होईल. परसात वाल होईल, हरभरा होईल. जव्हारकडे काही कुटुंबे मोगरा लावून घरी राहू लागली आहेत, तसे आणखी दोन-चार जणांना जमेल. शाळेतली मुले भट्टीवर जाणार नाहीत. मी एवढ्याचीच आशा दाखवते. टँकर पुढच्या वर्षी बंद होईल असे म्हणत नाही. मे महिन्यात तो अजून काही वर्षे लागेल.

मोजमापही करायचे आहे, नाहीतर तीन वर्षांनी हेच भांडण पुन्हा करू. पाड्यावरच्या शाळेत एक पर्जन्यमापक बसवू. रोज सकाळी साडेआठ वाजता मुलांनी वहीत आकडा लिहायचा, आणि जोराची सर आली तर ती किती वेळ चालली तेही. दोन्ही ओहोळांवर फळीत काटकोनी खाच पाडून बसवायची. खाचेतून दहा सेंटिमीटर उंचीने पाणी वाहत असेल तर ते सेकंदाला साधारण साडेचार लिटर असते, वीस सेंटिमीटरला सुमारे पंचवीस. उंची दुप्पट झाली की पाणी साडेपाच पटीने वाढते, हे आठवीच्या मुलांना करून दाखवले तेव्हा त्यांचा विश्वास बसेना, पुन्हा मोजले. हिवाळ्यात धार बारीक झाली की खाच नको, पंधरा लिटरचा हंडा आणि घड्याळ पुरते. हंडा किती सेकंदांत भरला एवढेच लिहायचे.

दोन्ही ओहोळांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या की समितीला माझ्या बोलण्यावर विसंबावे लागणार नाही. पर्जन्यमापक आणि फळ्या मृगाच्या आधी बसल्या पाहिजेत, म्हणजे मंजुरी याच महिन्यात हवी. पाणलोटाचा नकाशा मागच्या टेबलावर पसरून ठेवला आहे. जंगलाची बाजू हिरव्या पेन्सिलीने आणि उघडी बाजू तांबड्या पेन्सिलीने रंगवली आहे. मागचा प्रश्न विचारणारे बंधू आज आले आहेत, ते मला दिसताहेत. चहा घेताना त्यांनी आधी नकाशा पाहावा आणि पुढचा प्रश्न विचारावा.